रजेच्या अर्जात 'कारण' काय लिहिता तुम्ही?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यातल्या बँक शाखेत अधिकारी आहे. शाखेत आम्ही चार जण: शाखाधिकारी, मी, कॅशियर ताई आणि शिपाई दादा. आजूबाजूची अठरा गावं आमच्याकडे. माझ्या खात्यावर आज 214 दिवसांची पीएल, म्हणजे साठवता येणारी पगारी रजा, जमा आहे. बँकेत 11 दिवस काम केलं की एक दिवस जमा होतो, म्हणजे वर्षाला 33 च्या आसपास. 270 च्या वर गेलं की पुढचे दिवस बुडतात. मागच्या तीन वर्षांत मी सलग पाच दिवसांची रजा एकदाच टाकली. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

जानेवारी होता. लग्न नव्हतं, आजारपण नव्हतं, कोर्टाची तारीखही नव्हती. थकलो होतो, बस. रात्री दोनला जाग यायची आणि डोळ्यांसमोर पीककर्जाच्या फायली यायच्या. घाटंजी तालुक्यात आमचं घर आहे, तिथं जाऊन चार दिवस वावरात बसावं, आईच्या हातची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खावी, एवढंच मनात होतं. अर्जावर 'रजेचे कारण' असा रकाना असतो. तिथं पेन टेकवला आणि हात अडला. 'विश्रांती' लिहायचं होतं, पण ते लिहायची लाज वाटली. शेवटी लिहिलं, 'वडिलांची प्रकृती ठीक नसल्यामुळे'. बाबा तेव्हा ठणठणीत होते, वावरात तुऱ्हाट्यांच्या पेंढ्या बांधत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिजोरीची माझी चावी साहेबांकडे दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिजोरीला दोन चाव्या लागतात, त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात, एकट्याला ती उघडता येत नाही. चावी हातची सोडताना रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या होतात. माझ्या टेबलाचं काम मात्र ताईंच्या अंगावर आलं. त्या म्हणाल्या, "जा तुम्ही, पाहून घेतो आम्ही." हे म्हणता म्हणता डबा पिशवीत टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांची शेवटची बस सव्वासहाची असते.

तिसऱ्या दिवशी लिंक दुपारी चारपर्यंत बंद होती. मग सगळी गर्दी एकदम. कॅश जुळायला साडेसात वाजले. बस गेली. त्यांचे मिस्टर थंडीत 22 किलोमीटर मोटारसायकलवर घ्यायला आले, पुढे टाकीवर लेकरू बसवून. हे मला शिपाई दादांनी फोनवर सहज सांगितलं. मी तेव्हा जेवायला बसलो होतो. ताटातली अर्धी भाकर तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मी परत निघालो, एक दिवस आधी. कुणी बोलावलं नव्हतं. साहेब नुसते म्हणाले, "अरे, आलात?"

आणि मार्चमध्ये बाबा गोठ्यात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. आईचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी लिहिलं म्हणून झालं. आता खरं कारण घेऊन साहेबांसमोर उभा राहिलो तर चोरी पकडल्यासारखं तोंड झालं माझं. कारण आधीच वापरून झालं होतं ना.

साहेब वाईट नाहीत. आमच्याकडे कुणी ओरडत नाही, रजा फाडून फेकत नाही. मला भीती साहेबांची वाटतच नाही, ताईंच्या शेवटच्या बसची वाटते. तुमच्याकडे कसं आहे? त्या रकान्यात काय लिहिता?

नवीन_रुजू

दादा, मी सात महिन्यांपूर्वीच लागलो, प्रोबेशनवर आहे. अजून एकही रजा घेतली नाही. सिनियर लोक म्हणतात, पहिल्या वर्षी घेऊ नको, नाव खराब होते. बहिणीचं लग्न झालं तेव्हा हळदीला नव्हतो, थेट लग्नाच्या दिवशी सकाळी पोचलो. ती अजून बोलून दाखवते. तुमचं वाचून वाटलं की हे पहिल्या वर्षापुरतं नाही.

सेवापुस्तक

मी शासकीय नोकरीतून 2020 साली निवृत्त झालो. 1986 ला लागलो होतो, 34 वर्षं झाली. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

आमच्या वेळेस रजा मागणं म्हणजे गरज असेल तेव्हाच. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम 1981 चे आहेत, त्यात स्पष्ट म्हटलंय की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. मी दौऱ्यावर पुसद, उमरखेडपर्यंत एसटीनं हिंडलो, तापात हिंडलो. अर्जित रजा शिल्लक ठेवली आणि निवृत्तीला 300 दिवसांचं रोखीकरण मिळालं. त्या पैशात घराचा स्लॅब पडला. आज त्या स्लॅबखाली नातवंडं झोपतात. मला पश्चात्ताप नाही. आजची मुलं लवकर थकतात असं वाटतं मला. पण खोटं कारण लिहायला नको होतं बाबू, ते मनाला खातं.

आंबील

सेवापुस्तक काका, नमस्कार. तुम्ही 34 वर्षं रजा शिल्लक ठेवू शकलात, कारण घरातलं आजारपण, पाहुणे, लेकरांच्या परीक्षा दुसऱ्या कुणीतरी पाहिल्या असतील. हे चिडून लिहीत नाही.

मी बुलडाणा जिल्ह्यात शिक्षिका आहे. लोक म्हणतात, तुमची मजा आहे, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी. ज्या दिवशी शाळेला सुट्टी असते त्या दिवशी घरात माझी हजेरी लागते. किरकोळ रजा वर्षाला मोजक्याच. त्यातल्या तीन महालक्ष्म्यांच्या. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे काय हे इथं सांगायला नको: सोळा भाज्या, पुरण, आंबील, कथली, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाची पंगत शंभराच्या घरात. मागच्या वर्षी पुरण वाटता वाटता शाळेतून फोन आला, यूडायसच्या पोर्टलवर मुलांची माहिती आजच भरायची म्हणून. हळदीचे हात पदराला पुसले आणि चुलीजवळ बसून मोबाईलवर भरली. स्क्रीनवर पिवळे ठसे पडले होते. सासूबाई म्हणाल्या, "रजा टाकली ना व तू?" आणि पलीकडून सर म्हणाले, "रजेवर असलात तरी पाच मिनिटांचं काम आहे." दोघांचंही खरं होतं आणि दोन्हीकडे मीच कमी पडत होते.

मी रकान्यात 'खाजगी काम' लिहिते. सतरा वर्षांत त्यातला एकही दिवस माझ्या खाजगी कामात गेला नाही. एकदा ठरवून घेतली होती, काहीच न करण्यासाठी. दुपारी घरात एकटी पलंगावर पडले तर अंगावर काटा आला, कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून. उठून डाळ निवडायला बसले.

पहाटेची_मीटिंग

वाशिम जिल्हा. बचत गटाच्या बायांना छोटं कर्ज देणाऱ्या एका खाजगी कंपनीत फिल्डवर आहे. कंपनीचं नाव घेत नाही.

सकाळी सातला पहिली मीटिंग, गावात. दिवसाला चार-पाच गट. रजा घेतली की त्या दिवसाची वसुली माझ्या नावावर शून्य, इन्सेंटिव्ह जातो, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री यादी पडते, लाल रंगात नावं. पगारी रजा असते हे मला दोन वर्षांनी कळलं.

आजी गेली तेव्हा दोन दिवस घेतले. दहाव्याला पुन्हा अर्धा दिवस मागितला. नदीवर उभा होतो, पिंड ठेवलेला, सगळे कावळ्याची वाट पाहत होते, आणि खिशात फोन थरथरत होता. उचलला नाही. चार वेळा आला. मग मेसेज: आजच्या गटाची वसुली किती? काकानं खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "जा बाप्पा, तुयं काम पाह्य, आमी आहो इथं." मी गेलो. कावळा शिवला की नाही ते मी पाहिलं नाही. नंतर विचारायची हिंमत झाली नाही.

धुऱ्यावरचा दादा, तुमची भाकर अर्धी राहिली, ते समजलं मला.

संघटनेतला

पहाटेची_मीटिंग, तुमच्यासाठी आधी लिहितो, बाकीचं नंतर.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 2017 चा आहे. त्यात वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. शिवाय वर्षात 240 दिवस काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. आठवड्याची सुट्टी वेगळी, सणांच्या आठ सुट्ट्या वेगळ्या. कामगारसंख्येवर हे लागू होणं ठरतं, म्हणून आधी जिल्ह्याच्या ठिकाणी कामगार विभागाच्या कार्यालयात जाऊन तुमच्या आस्थापनेबद्दल विचारा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि त्या लाल यादीचे फोटो सोबत न्या. रजा तोंडी मागू नका, ईमेलनं मागा. तोंडी मागितलेल्या रजेचा पुरावा उरत नाही, नकाराचाही नाही.

आता सेवापुस्तक साहेबांना, आदराने. रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे नियमात आहे, खरं. पण त्याच नियमांत हेही आहे की जी रजा देय आहे आणि मागितली आहे तिचा प्रकार वरिष्ठांना परस्पर बदलता येत नाही. आणि नाकारायची तर ती लोकसेवेच्या निकडीसाठी. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला खात्यावर 15-15 दिवस जमा करणारा नियमही तिथंच आहे. शासनानं ते दिवस शोभेला जमा केलेले नाहीत.

रविवारची सुट्टीसुद्धा कुणी दयेनं दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1884 पासून ती मागणी लावून धरली. गिरणीमालकांनी ती मान्य केली 10 जून 1890 ला. मधली सहा वर्षं अर्ज, सभा, सह्या. त्या काळातही मालकांचं म्हणणं हेच होतं की काम थांबेल.

आणि धुऱ्यावरचा, तुमच्याच क्षेत्रातली गोष्ट सांगतो. रिझर्व्ह बँकेनं जुलै 2021 मध्ये बँकांना कळवलंय की संवेदनशील जागेवरच्या माणसाला दरवर्षी किमान 10 कामकाजाचे दिवस सलग, आधी न सांगता, सक्तीच्या रजेवर पाठवायचं. त्या काळात त्याला कार्यालयीन ईमेल सोडून कामाच्या कुठल्याही साधनाला हात लावू द्यायचा नाही. हेतू वेगळा आहे, घोटाळे उघडे पडावेत हा. तुमची जागा त्यात मोडते की नाही ते तुमच्या बँकेच्या धोरणावर आहे. पण त्यातून एक कळतं: एक माणूस दहा दिवस पूर्ण बाजूला झाला तरी काम चाललं पाहिजे, अशी व्यवस्था बँकेनं करायची असते. ती तुम्ही करायची नसते. ताईंची बस चुकली त्याला तुमची रजा कारण नाही. चार माणसांच्या शाखेत पाचव्याची सोय केलेली नव्हती, हे कारण आहे.

मोहफूल

संघटनेतला भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण दर वेळी ते एवढं सोपं होत नाही. आमच्याकडे साहेबांचा किंवा सोबतिणीचा प्रश्न नसतो, पेशंटचा असतो.

मी गडचिरोली जिल्ह्यात उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. धानाची रोवणी असते जुलैमध्ये. माहेरी दोन एकर बांधी आहे, भाऊ एकटा पडतो, मजूर मिळत नाहीत. मला तीन दिवस जायचं होतं. त्याच आठवड्यात एका बाईची तारीख होती, पहिलटकरीण, सिकलसेलची. सातव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन 6.8 आलं होतं तेव्हापासून मी तिच्या मागं होते. रक्त चढवायला स्वतः घेऊन गेले होते. ती म्हणायची, "ताई, तुमी रायजा बरं." आणि मी म्हटलं होतं, राहीन.

आठ दिवस झोप नाही लागली. मग मी एक केलं. वहीचा एक कागद घेतला आणि माझ्या भागातल्या जोखमीच्या सगळ्या मातांची नावं उतरवली. पुढे गाव, तारीख, रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन, सिकलसेल आहे का, नवऱ्याचा फोन, पावसात नाला भरला तर कुठल्या रस्त्यानं गाडी येईल. त्याच्या तीन प्रती काढल्या. एक शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरला, एक आशाताईला, एक डॉक्टर साहेबांना. आणि त्या बाईच्या घरी गेले. खोटं नाही बोलले. म्हटलं, मी तीन दिवस माझ्या भावाच्या रोवणीला जातो, ही सिस्टर येईल, हिला तुझं सगळं माहीत आहे. शेजारच्या सिस्टरला सोबतच नेलं होतं, दोघींची ओळख करून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं. ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली, अडीच किलोची. मी त्या वेळी पोटऱ्यापर्यंत चिखलात होते. दुपारी बांधावर आले तेव्हा फोन पाहिला. रडले मी, पण ते अपराधाचं रडणं नव्हतं.

शेजारच्या सिस्टरची रजा सप्टेंबरमध्ये झाली. तिचा कागद माझ्याकडे होता.

आशाताईंचं मात्र मला वाईट वाटतं. त्या स्वयंसेविका, कामाप्रमाणे मोबदला. गेल्या नाहीत तर तेवढे पैसे नाहीत. त्यांच्यासाठी रजा हा शब्दच नाही.

ओलिताचा

मी शेतकरी आहे, नोकरीवाला नाही. खरं सांगतो, वरची पोस्ट वाचून आधी डोक्यात तिडीक गेली. 214 दिवस जमा आहेत आणि घेता येत नाहीत म्हणे. आमच्याकडं ओलीत चालू असलं की रात्री दोनला लाईट येते आणि दोनलाच मोटर चालू करायला जावं लागते. रजा कोणाले मागू?

पण मग आठवलं की मी त्याच लायनीत उभा राहिलो आहे. मागच्या जूनमध्ये नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलायला, 14 किलोमीटरवरून बँकेत गेलो. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, म्हणून उसनवारी करून पैसे जमवले होते. तिथं सांगितलं, कर्जवाले साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. सोमवारी गेलो, मंगळवारी या. पेरणी तोंडावर, दोन रोज गेले. त्या साहेबाले मी मनातल्या मनात काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

आज विचार केला तर राग त्याच्या रजेचा नव्हता. त्याचंही घर असंल, त्याचाही बाप असंल. राग याचा होता की कोणी आधी सांगितलं नाही. दारावर एक कागद लावला असता, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कर्जाचं काम होणार नाही, तर मी आलोच नसतो. गावात सांगितलं असतं, दहा लोकांचे हेलपाटे वाचले असते. दुकानदार लग्नाला जातो तर शटरवर लिहून जातो. बँक काऊन नाही लिहीत?

सेवापुस्तक

काल रात्री संघटनेतला यांचं वाचून कपाटातून सेवापुस्तकाची झेरॉक्स काढली. रजेचं पान पाहिलं. हिशोब केला, इथं मांडतो.

34 वर्षं गुणिले 30, म्हणजे 1020 दिवस. त्यातली घेतली 187. विकली 300. राहिले 533 दिवस. आधी 240 ची मर्यादा होती, मग 300 ची, त्यावरचं सगळं बुडत गेलं. मला हे माहीत होतं, पण बेरीज कधी केली नव्हती.

533 दिवस म्हणजे दीड वर्ष. आमच्या मंडळींनी, म्हणजे पत्नीनं, बाजूला बसून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "रामटेकला जाऊ म्हणत होते तुमी. धाकटा पाच वर्षांचा होता तेव्हा." धाकटा आता 38 चा आहे. रामटेक इथून एका दिवसात होतं.

स्लॅबबद्दल लिहिलं ते खरंच आहे. पण रोखीकरण 300 चंच झालं. उरलेले 533 दिवस मी शासनाला दिले आणि शासनाला त्याची नोंदसुद्धा नाही. 'आजची मुलं लवकर थकतात' हे वाक्य मी मागं घेतो. आंबील ताईंचंही बरोबर आहे, माझ्या घरचं सगळं यांनीच पाहिलं.

गोठा

मी जनावरांच्या दवाखान्यात आहे, अमरावती जिल्ह्यात. माणसांच्या रजेबद्दल मला फार कळत नाही, पण एक रोजचं पाहतो ते सांगतो.

पेरणी-डवरणीच्या दिवसांत बैलांची खांदेसूज घेऊन लोक येतात. जू घासून खांद्यावर सूज येते, मग ती पिकते. मी औषध देतो, शेक सांगतो, आणि म्हणतो, आठ-दहा दिवस जुंपू नका. तिथंच अडते. गेल्या वर्षी एक म्हातारे बाबा आले होते. जोडीतल्या एकाचाच खांदा आला होता. मला म्हणाले, "साहेब, याले सोडलं तर दुसऱ्याचं काय करू? एकटा बैल वखर वढत नाही." मग त्यांनीच उपाय काढला. शेजाऱ्याचा बैल दहा दिवस आणला आणि पुढं आपली जोडी त्याच्या वावरात दोन दिवस दिली. याला आमच्याकडे सावड म्हणतात, सगळ्यांना माहीत आहे. सूज असताना जुंपलेला बैल मात्र पोळ्यापर्यंत कायमचा निकामी झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याचा मालक काही क्रूर माणूस नव्हता.

मोहफूल ताईंनी जे केलं ती सावडच आहे. धुऱ्यावरचा भाऊ, तुमच्या ताईंना तुम्ही काय परत दिलं? त्यांची रजा कधी झाली? तुम्ही तुमच्या अपराधाबद्दल खूप लिहिलं, त्यांच्या रजेबद्दल एक ओळ नाही. रागानं नाही विचारत.

चावीवाला

मी शाखाधिकारी आहे, दुसऱ्या बँकेत, दुसऱ्या जिल्ह्यात. रजा नाकारणारा माणूस मी, म्हणून लिहितो.

नाही म्हणताना माझ्याही पोटात गोळा येतो. माझ्या शाखेत पाच जण, पाचही जणांची घरी शेती. म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी रजा हवी. पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची सोंगणी, दिवाळी, शेगावचा प्रकटदिन. शहरातल्या शाखेत एकाला गणपती हवा असतो, दुसऱ्याला उन्हाळ्यात मुलांना घेऊन फिरायला जायचं असतं, दिवस वेगळे पडतात. इथं पंचांग सगळ्यांचं एक आणि पाऊसही सगळ्यांचा एकाच दिवशी. वरून मार्च आहे, जून आहे, सरकारी योजनांचे पैसे आले की दारात रांगा. 2024 च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे पैसे आले तेव्हा आधार जोडायला आलेल्या बायांची रांग रस्त्यापर्यंत होती, त्या महिन्यात मी कुणालाच सोडलं नाही. एका मुलाची आजी त्याच महिन्यात वारली. तो शेवटच्या दर्शनाला गेला आणि लगेच परत आला. मी त्याला थांब म्हटलं नाही. ते माझ्या मनात आहे.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. डिसेंबरात सगळ्यांना एकत्र बसवून वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावतो. ज्याला या वर्षी पोळा मिळाला त्याला पुढच्या वर्षी महालक्ष्म्या. भांडणं होतात, पण डिसेंबरातच होतात. दुसरं, बदली माणूस मी फोनवर मागत नाही. फोनवर क्षेत्रीय कार्यालयाला नाही म्हणणं फार सोपं जातं. महिनाभर आधी पत्र पाठवतो, कोणत्या तारखांना किती माणसं कमी आहेत आणि चावी कुणाकडे राहील ते लिहून. पत्राला उत्तर लिहावं लागतं, म्हणून दहातली सहा वेळा माणूस मिळतो. तिसरं, कुणी रजेवर असेल त्या दिवशी लांबून येणाऱ्याला आधी सोडायचं. कॅश जुळेपर्यंत बाकीचे थांबतात. शेवटची बस चुकणार असं दिसलं की मी माझ्या गाडीनं सोडतो. पेट्रोल माझं. हे शाखाधिकाऱ्याचं काम आहे असं मी मानतो.

आणि त्या रकान्याबद्दल. माझ्यासमोर 'वडील आजारी' असा अर्ज येतो तेव्हा दहातले सात खोटे असतात हे मला कळतं. मी काही म्हणत नाही. पण 'विश्रांती' असं एकानं जरी लिहिलं असतं तर मी त्याला नकार देऊ शकलो नसतो, कारण मग मला लिहावं लागलं असतं की याला विश्रांतीची गरज नाही.

नवीन_रुजू

चावीवाला सर, प्रोबेशनवाल्याचं कसं? घेऊ का?

चावीवाला

घ्या. देय आहे तेवढी, आधी सांगून, काम हातावेगळं करून. प्रोबेशनमध्ये मी रजा पाहत नाही, न सांगता गैरहजर राहिलेले दिवस पाहतो. बहिणीकडे जाऊन या आधी.

धुऱ्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. गोठा भाऊ, तुमचा प्रश्न जिव्हारी लागला. उत्तर शोधायला रजिस्टर पाहिलं. ताईंनी मागच्या दोन वर्षांत सलग रजा एकदाही घेतलेली नाही. मी बसलो होतो स्वतःच्या अपराधाला धरून, आणि त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, दिवाळीनंतर सहा दिवस पाहिजेत, लेकराला घेऊन आईकडे मूर्तिजापूरला. ते आधी लिहून घेतलं. मग माझा अर्ज भरला, पोळ्यासाठी, पाच दिवस. शाळा-कचेऱ्यांना पोळ्याची स्थानिक सुट्टी बहुधा असते, आम्हाला नसते. दोन्ही अर्ज एकत्र साहेबांपुढे ठेवले, सोबत बदली माणसाच्या मागणीच्या पत्राचा कच्चा मसुदा. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'विश्रांती व पोळा'. साहेबांनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. म्हणाले, "बाबांच्या पायाचं कसं आहे आता?" मी म्हटलं, काठीवर चालतात. आणि जानेवारीतल्या अर्जाचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "कळलं होतं मला." सही केली.

क्षेत्रीय कार्यालयानं पाचपैकी तीन दिवसांना माणूस दिला. उरलेले दोन दिवस साहेब कर्जाच्या टेबलावर बसणार आहेत आणि ताई सहाला निघणार. ओलिताचा भाऊ, दारावर कागद लावला आहे, मोठ्या अक्षरात, तारखांसह. शिपाई दादांनी अठराही गावांच्या सरपंचांच्या फोनवर त्याचा फोटो टाकला. मोहफूल ताईंसारखी यादी केली: कुणाचं नवं-जुनं अडलं आहे, कुणाचा कोणता कागद कमी आहे, कुणाला थांबवलं तर चालणार नाही. 31 नावं झाली. त्यातली नऊ कामं जायच्या आधीच उरकली.

आज सव्वापाचला चावी दिली, सह्या झाल्या. आता बसमध्ये आहे, आर्णी मागे गेलं. उद्या बैलांची खांदमळणी. बाबा गोठ्यात खुर्ची टाकून बसणार आणि तूप-हळद मी लावणार, पहिल्यांदाच. बैलांना द्यायच्या आवतनाचे शब्द त्यांनी फोनवर दोनदा म्हणून दाखवले, मी विसरलो असेन म्हणून: आज आवतन घ्या, उद्या जेवायले या.